चंद्रकळा, वांगी आणि ब्रूनोचा ताप

आमच्या आणि वहिनींच्या घरामधली भिंत कमरेएवढीच आहे. तिच्यातली एक वीट कधीतरी निखळली, ती पुन्हा कुणी बसवली नाही, कारण त्या खाचेत आमटीची वाटी बरोब्बर बसते. वहिनी मूळच्या सावंतवाडीकडच्या. साताऱ्यात येऊन चाळीस वर्षं झाली, भाकरी आमच्यासारखी थापायला लागल्या, पण चिडल्या की मालवणी वर येते. मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी जन्म काढला, २०२० मध्ये निवृत्त झाले, तरी त्यांच्या लेखी मी अजून ‘लायब्ररीताई’च.

संक्रांतीला दोन दिवस होते. त्यांच्या दोरीवर काळी साडी वाळत होती.

“चंद्रकळा बाहेर निघाली वाटतं?” मी म्हटलं.

“चंद्रकळा कुठली! वांगी आहे ही.”

“मला तर काळीच दिसते.”

“ट्यूबलाइटखाली दुकानदारालाही काळीच दिसत होती. इकडे या, उन्हात बघा.” त्यांनी पदराचं टोक उन्हात धरलं आणि खरंच, आत जांभळी झाक होती. मग मला उभ्या उभ्या शिकवणी. चंद्रकळेचा काळा काजळासारखा, त्यात दुसरा रंग शोधून सापडत नाही. शाई रंग घडीत काळा आणि अंगावर निळा. कोळशी दोन धुण्यांत राखेवर येतो. “काळी द्या म्हणून चालत नाही हो. कुठली काळी, ते सांगावं लागतं. नाहीतर घरी येऊन रडायचं.”

वाटी खाचेत ठेवली, भोगीच्या भाजीला वाल मिळतील का विचारलं, आणि मी वळणार तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला. वहिनींचा आवाज खाली आला की समजायचं, आता अर्धा तास गेला.

“आमचा बाबल्या काल जेवला नाही.”

बाबल्या म्हणजे नातू. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीला आलेला. मी म्हटलं, पोट बिघडलं असेल.

“पोट नाही, मन! रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर पोरगा लॅपटॉपपुढे नुसता बसलेला. पडद्यावर सगळं कोळशानं काढल्यासारखं. पडकं घर, बाहेर बॉम्ब, आत तीन माणसं थंडीनं कुडकुडताहेत. म्हटलं काय झालं रे? तर म्हणतो कसा, आजी, मी एका म्हाताऱ्याचं औषध चोरलं.”

“अगं बाई! कुणाचं?”

“तेच मी! म्हटलं, रे मेल्या, खंयच्या म्हाताऱ्याचा? तर म्हणे गेममधल्या.”

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. आणि गोष्ट ऐकल्यावर हसण्यासारखी राहिलीही नाही. खेळाचं नाव ‘धिस वॉर ऑफ माइन’. पोलंडमधल्या एका कंपनीनं २०१४ साली काढलेला. साराजेव्हो शहराला १९९२ पासून जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता, त्यात सापडलेल्या साध्या माणसांच्या हकिगतींवर बेतलेला. इतर खेळांत आपण शिपाई असतो. इथं आपण घरात अडकलेली माणसं. दिवसा बाहेर पडलं तर गोळी लागते, म्हणून दिवसा घर सांभाळायचं आणि रात्री एकानं बाहेर जाऊन काही मिळतं का बघायचं. बाबल्याच्या घरात पाव्ले, ब्रूनो आणि कातिया. पाव्ले फुटबॉलपटू, ब्रूनो आचारी, कातिया वार्ताहर. ब्रूनो आजारी पडला. औषध नाही. रात्री पाव्लेला बाहेर पाठवला, तर एका घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. शस्त्र नाही, काही नाही. म्हातारा मागे मागे फिरत विनवण्या करतो. पाव्लेनं कपाट उघडलं आणि औषध, डबे, सगळं घेऊन आला.

“आणि मग?”

“मग काय, कुणी पकडलं नाही, मार्क कापले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तो पाव्ले मान खाली घालून घरात फिरतो. त्याच्या नावाशी लिहून येतं म्हणे, खिन्न. आणि हा आमचा त्याच्याहून खिन्न.”

वहिनींनी तिथल्या तिथं फर्मान काढलं होतं, असले अंधारे खेळ या घरात बंद. त्यावर भाऊंनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, “मग तू ‘रात्रीस खेळ चाले’ बघायचीस तो काय सत्यनारायण होता?”

हे भाऊंनी चुकीच्या माणसाला विचारलं. ती मालिका २०१६ मध्ये आली तेव्हा वहिनी साडेदहाला जेवणाची भांडी तशीच टाकून बसायच्या. चित्रीकरण आकेरीच्या वाड्यात, आणि आकेरी म्हणजे त्यांच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. दुसरा भाग २०१९ मध्ये आला, अण्णा नाईक आणि शेवंताचा, तेव्हा तर माहेरची यात्रा चुकवली पण एक भाग चुकवला नाही.

“तो अंधार वेगळा हो!” त्या मला म्हणाल्या. “तो पांघरुणातला. भीती वाटते, पण पाय पोटाशी घेऊन वाटते. अण्णा वाईट माणूस, पण तो आला की आम्ही टाळ्या वाजवायचो. बाबल्याच्या खेळात टाळी कुणाला वाजवायची?”

मी नुसतं “हं” म्हटलं, पण मला आमचं टेबल आठवलं. वाचनालयात ‘भुताचं’ असं एक कपाट होतं. पाटी नव्हती, पण सगळे त्याला तेच म्हणायचे. त्यात नारायण धारप रांगेनं. धारपांची शंभरावर पुस्तकं, पण आमच्याकडची कधी एका वेळी कपाटात नसायची. एक गृहस्थ नेमानं यायचे. धारपांचं सगळं वाचून झालं, तसंच आणखी काहीतरी अंधारं द्या म्हणाले. मी नवी होते. अंधारं म्हणताहेत तर देऊ, म्हणून जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’ दिलं. नावातच काजळ! दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी गृहस्थ पायरीवर. पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “बाई, यात भूत कुठंय?” म्हटलं, नाहीये. म्हणाले, “मग मला रात्रभर झोप का नाही लागली?” आणि रागानं निघून गेले. पंधरा दिवस आले नाहीत.

तेव्हापासून मी कुणाला ‘अंधारं’ दिलं नाही. आधी विचारायची, कसलं अंधारं?

हे वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही त्याला काळी म्हणून वांगी दिलीत.”

“उलटं. त्याला वांगी हवी होती, मी चंद्रकळा दिली.”

एवढ्यात बाबल्या चहाचा कप घेऊन मागच्या दारी आला. आजीनं आपली अब्रू भिंतीपलीकडे पोचवली हे त्याच्या लक्षात आलंच. पण मुलगा गुणी, चिडला नाही. उलट त्यालाच बोलायला कुणीतरी हवं होतं. म्हणाला, “काकू, आजीला वाटतं अंधार दिसला की झालं. मी लहान असताना ‘लिम्बो’ खेळायचो तो तर पूर्ण काळापांढरा होता. तेव्हा नाही काही म्हणाली.”

‘लिम्बो’ हा डेन्मार्कचा खेळ, २०१० चा. एक लहान मुलगा जंगलात जागा होतो, बहिणीला शोधत निघतो. चेहरा दिसत नाही, नुसते दोन पांढरे डोळे. वाटेत मोठा कोळी, सापळे, पाणी. मुलगा पदोपदी मरतो आणि पुन्हा तिथूनच उठतो. एक शब्द बोलणं नाही.

“ती भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट झाली,” वहिनी म्हणाल्या. “जंगल, वाटेत वाघ, खाऊ की गिळू. ऐकताना तूच पांघरुणात शिरायचास आणि आजी पुन्हा सांग म्हणायचास.”

मला हे पटलं. ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण लिहिली रत्नाकर मतकरींनी, आणि मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथाही मतकरींनीच. हात तोच, काजळ तेच. पण चेटकीण आली की मुलं खुर्चीवर उभी राहून ओरडतात, आणि गूढकथा वाचून उठलेला माणूस घरातल्याच माणसाकडे जरा निरखून बघतो. धारपांची भीती दाराबाहेर उभी असते, मतकरींची आत स्वयंपाकघरात पाणी पीत असते. आमच्या टेबलावर दोघांचे वाचक वेगळे होते. धारपांचे लोक पुस्तक बदलून लगेच दुसरं नेत. मतकरींचे लोक थोडा वेळ घुटमळत.

मग बाबल्यानं आतून एक खोका आणला. काड्यापेटीएवढाले सैनिक, प्लॅस्टिकचे, स्वतः रंगवलेले. एकेकाच्या चिलखतावर कवट्या, खांद्याएवढ्या बंदुका. म्हणे ‘वॉरहॅमर चाळीस हजार’. ब्रिटनमध्ये १९८७ साली निघालेला खेळ. चाळीस हजार म्हणजे साधारण त्या सालाच्या पुढची गोष्ट. सगळ्या विश्वात युद्ध, आणि युद्धाशिवाय काहीच नाही. अंधाऱ्या कथांना इंग्रजीत हल्ली ‘ग्रिमडार्क’ म्हणतात, तो शब्दच या खेळाच्या घोषवाक्यातून जन्मला. माणसांचा सम्राट सोन्याच्या सिंहासनावर, धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. त्याला टिकवायला रोज हजार माणसांचा बळी.

“रोज हजार?” वहिनी. “सुट्टी नाही?”

“नाही आजी.”

“रविवारीपण?”

बाबल्या हसायला लागला आणि वहिनींनी पदर तोंडाला लावला. “अरे, हा तर संकासुर!”

ज्यांनी कोकणातला दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. संकासुर म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत काळा, लाल जीभ बाहेर, वेद पळवणारा दैत्य. पोरं किंचाळतात. आणि तोच तोंड उघडतो तेव्हा असं काही मालवणी बोलतो की बाया हसून लोळतात. इतका काळा, की भीती मागेच राहते आणि गंमत पुढे येते. वहिनींनी खेळाचा एकही नियम न वाचता जे ओळखलं ते बऱ्याच खेळणाऱ्यांना कळत नाही. बाबल्या म्हणाला, हा सुरुवातीपासून उपहासच. पण काही लोक त्या साम्राज्याला खरोखरच आदर्श मानायला लागले. शेवटी २०२१ मध्ये कंपनीला जाहीर सांगावं लागलं की बाबांनो, ही टिंगल आहे, ही माणसं अनुकरण करायला लिहिलेली नाहीत.

“सोंग उतरल्यावर कुणी संकासुराच्या पाया पडत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि एक सैनिक डोळ्यांजवळ नेऊन बघितला. “याचा चेहरा बरा उठून दिसतोय. कसा केलास?”

“पातळ काळा रंग सोडायचा वरून. तो खाचांत जाऊन बसतो.”

“म्हणजे काजळच की!”

मला या प्रकाराचा कंटाळा येतो, हेही सांगून टाकते. सगळेच दुष्ट, सगळीकडेच रक्त, पाचव्या पानावर मुंडकं आणि सहाव्यावर आणखी मुंडकं. काही हल्लीचे लेखक, आणि वेबमालिका तर विचारूच नका, एवढंच करून स्वतःला धाडसी समजतात. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त एका घरातली माणसं एकमेकांचे लचके तोडतात, १९७० साली लोक हादरले होते. पण तिथं प्रत्येक लचका कुणाला तरी दुखतो. दुखलंच नाही तर मग नुसतं डांबर. डांबरात कसली छटा शोधायची?

भाऊ एवढा वेळ आतून ऐकत होते. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, सहसा आमच्या गप्पांत पडत नाही. पण बाबल्यानं त्यांना पण एक खेळ लावून दिला होता, हे आजच उघडकीला आलं. ‘पेपर्स, प्लीज’, २०१३ चा, लुकास पोप नावाच्या एकाच माणसानं केलेला. आपण सरहद्दीवरचे कारकून. माणूस खिडकीशी येतो, पासपोर्ट देतो, आपण तारीख, शिक्का, फोटो जुळवायचा आणि होय किंवा नाही असा ठप्पा मारायचा. संध्याकाळी पगार. त्यात भाडं, जेवण, ऊब, औषध, सगळं बसवायचं. चुका वाढल्या की दंड, दंड झाला की घरात कुणीतरी उपाशी.

“यांना आवडणारच,” वहिनी म्हणाल्या. “यांचं आयुष्य कागद अपुरे आहेत म्हणण्यात गेलं.”

भाऊ दारात आले. “एक नवरा-बायको आले,” ते मला म्हणाले, बायकोला नाही. “नवऱ्याचे कागद बरोबर. त्याला सोडला. तो म्हणाला, मागून माझी बायको येतेय, तिच्याकडे जरा बघा. तिच्याकडे परवाना नाही. परत पाठवलं तर मारतील म्हणते.”

“मग काय केलंत?”

“सोडलं तिला. लगेच यंत्रातून चिठ्ठी आली, तुमची चूक झाली म्हणून.” ते थोडे थांबले. “आमच्या वेळी चिठ्ठी यायला सहा महिने लागायचे.”

एवढं बोलून ते आत गेले. वहिनी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. छत्तीस वर्षांत कुणाला सोडलं, कुणाला नाही, हे त्या माणसानं घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या खेळात रक्ताचा थेंब शोधावा लागतो, भूत तर नाहीच. टेबल, शिक्का, रांग. मला विचाराल तर बाबल्याच्या सगळ्या खेळांत सगळ्यात काळा तोच. पण हे मी बोलले नाही.

वहिनींनी विषय बदलला, म्हणजे त्यांना वाटलं बदलला. “आमचे बाबा,” त्या म्हणाल्या, “रात्री कुळागरातून यायचे तर चूड पेटवून. झावळीची. आम्ही पडवीत बसून लांबून बघायचो. चूड हलताना दिसली की आई म्हणायची, आले. दिसली नाही तर मग खरा काळोख.”

मग जरा विचार करून, “ताई, गोष्टीतपण तेच बघायचं. चूड कुणाच्या हातात आहे.”

बाबल्यानं आणि मी दोघांनी एकदम लावून बघितलं. धारपांच्या समर्थकथांत चूड समर्थांच्या हातात, म्हणून वाचक निवांत घाबरतो. मतकरींत चूड तुमच्याच हातात, पण तिनं पडलेली सावली तुमची वाटत नाही. वॉरहॅमरमध्येही दिवा आहे, बाबल्या म्हणाला, अख्ख्या विश्वातली जहाजं त्या दीपस्तंभाच्या उजेडावर वाट काढतात, आणि तो दीपस्तंभ माणसांचे जीव जाळून तेवत ठेवलेला. वहिनींनी यावर “शी!” म्हटलं, पण उत्तर त्यांच्या कोष्टकात बसलं म्हणून खूषही दिसल्या.

“आणि तुमच्या त्या काजळवाल्यांचं?”

जी. एं.चं काय सांगावं? धारवाडला इंग्रजी शिकवणारा, फोटोत नेहमी काळा चष्मा घातलेला माणूस. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो परत करणारा. त्यांच्या कथेत माणूस चालत राहतो, चूड केव्हाच विझलेली असते, विझवणारा कुणी दुष्टही नसतो. आणि तरी त्या काळोखात पानं, पाखरं, माती इतकी लख्ख दिसतात की हे कुठल्या उजेडात दिसतंय असा प्रश्न पडतो. मी हे असंच सांगितलं नाही. “त्यांच्याकडे चूड नसते, पण चांदणं असतं,” एवढंच म्हटलं.

“माका नको,” वहिनी म्हणाल्या.

मी मात्र त्यांच्या चुडीच्या कसोटीला ‘तुंबाड’ दाखवून अडवायचा प्रयत्न केला. २०१८ चा तो सिनेमा आम्ही दोघींनी एकत्रच बघितला होता. हिंदी, पण माणसं, वाडा, पाऊस सगळं आपलं. गोष्टीचं बीज धारपांचं, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. सिनेमानंतर आमच्याकडे कॉलेजची मुलं ‘तुंबाडचे खोत’ मागायला यायची. दोन जाड खंड काढून ठेवले की चेहरे बघण्यासारखे, आणि त्यात सिनेमातला राक्षस हस्तर नाही म्हटल्यावर तर विचारूच नका. एका घराण्याच्या पिढ्यांची कादंबरी ती, तिचा काळोख निराळाच. तर म्हटलं, वहिनी, त्या सिनेमात कंदील नायकाच्याच, विनायकच्याच हातात असतो. तो स्वतःच्या पायानं त्या विहिरीत उतरतो, कणकेची बाहुली घेऊन, सोन्याच्या मोहरा आणायला. आता कसं?

“त्यात काय! चूड हातात आहे आणि तरी उतरतोय, त्याला भूत काय करणार? तो आधीच झालेला.” मग लगेच, “पण ती कणकेची बाहुली माका आवडूक नाय. महिनाभर पोळ्यांची कणीक मळताना डोळ्यांसमोर यायची. पुऱ्यासुद्धा केल्या नाहीत.”

बाबल्या म्हणाला, “पण आजी, माझा गेम? त्यात चूड माझ्या हातात होती. आणि मी ती घेऊन म्हाताऱ्याच्या घरात शिरलो.”

यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. दोरीवरची साडी उलटी करून घातली. मीच म्हटलं, पोलंड सरकारनं २०२० मध्ये हा खेळ शाळेतल्या पूरक वाचनाच्या यादीत घातला, असं तूच सांगितलं होतंस ना? म्हणजे पुस्तकाच्या रांगेत बसवला. ग्रंथपाल म्हणून मला आधी राग आला होता. आता वाटतं, आमच्या टेबलावर असता तर मी तो कुठल्या कपाटात ठेवला असता? भुताच्या नक्की नाही.

“बंद नको करू,” वहिनी अखेर नातवाला म्हणाल्या. “पण जेवून खेळ.”

दुसऱ्या दिवशी भोगी. मी बाजरीच्या भाकऱ्या घेऊन भिंतीशी गेले, त्यांच्या भाजीची वाटी खाचेत आधीच ठेवलेली. बाबल्या पायरीवर दात घासत होता. त्यानं रात्री खेळ पहिल्यापासून सुरू केला होता. पुन्हा त्याच घरापाशी पाव्ले गेला, म्हातारा-म्हातारी तशीच. या वेळी कपाटाला हात लावला नाही. मोकळ्या पिशवीनं परत आला.

“मग आता कसं चाललंय?” मी विचारलं.

“वाईट. खायला काही नाही. थंडी पडलीय, जाळायला लाकूड नाही. ब्रूनो पुन्हा आजारी.”

वहिनी आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. वांगी साडी नेसल्या होत्या, आणि सावलीत ती पुन्हा काळीच दिसत होती.

“रे बाबल्या,” त्या म्हणाल्या, “त्या ब्रूनोचो ताप उतरलो काय?”